बंद पडलेली छोटी स्की टेकडी पुन्हा चालू करायची आहे : आधी काय, नंतर काय?

उतारकरी

व्हरमाँटमधली गावच्या मालकीची टेकडी आहे. पायथा ते माथा ५० मीटर उंची, दोराची वाट २५० मीटर, म्हणजे सरासरी २० टक्के चढ. तोंड उत्तरेला. एकच रोप टो (हाताने धरून स्कीवर वर जायचा फिरता दोर) होता, तो कित्येक वर्षं बंद. पायथ्याची यंत्रशेड शाबूत आहे. आत जुन्या ट्रकचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल बसवलेला आहे, पण इंजिन जाम. दोर तिथेच उन्हापावसात पडलेला. उतारावर मनगटाएवढी झाडं माजली आहेत. शेडपर्यंत सिंगल फेज वीज आहे. खाली ओढा आहे, तळं नाही.

समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, आधी स्नो गन (पाणी फवारून बर्फ बनवणारं यंत्र) घ्या, बर्फाशिवाय बाकी सगळं फुकट. दुसरा म्हणतो, एका बंद रिसॉर्टचा टी-बार (खांबांवरच्या तारेला टांगलेल्या दांड्यांनी माणसांना वर ओढणारी लिफ्ट) जवळपास फुकट मिळतोय, तो उचला. पैसे बेताचे, कामाला माणसं तीसेक. पहिल्या हंगामासाठी कशाला हात घालावा आणि कशाला अजिबात घालू नये?

कप्पीवाला

पहिल्या वर्षी दोन्ही नको. रोप टोची वाट, शेड आणि माथ्याचा खांब तुमच्याकडे आहेच, तेवढंच चालतं करा. अमेरिकेतला पहिला रोप टो १९३४ मध्ये व्हरमाँटच्याच वुडस्टॉकला फोर्ड मॉडेल टीच्या इंजिनावर चालला. यंत्र साधं आहे. पण साधं म्हणजे बिनधोक नव्हे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताकदीचा हिशेब. वाटेवर एका वेळी १५ माणसं, सरासरी ८० किलो धरली तर १२०० किलो झाले. २० टक्के चढावर त्यांना ओढायला साधारण २४० किलोचा जोर लागतो. स्कीचं घर्षण ०.१ धरलं तर आणखी १२० किलो, आणि दोर बर्फावर घासतो त्याचे वीसेक. एकूण ३८० किलो. सेकंदाला ३ मीटर वेगाने हे ओढायला ११ किलोवॅट लागतात. पट्टे आणि गिअरमधली गळती धरून १५ किलोवॅट, म्हणजे २० अश्वशक्ती. भरलेला दोर थांबवून पुन्हा सुटता यावा म्हणून २५ घ्या. या वेगाने तासाला सहाशेच्या वर माणसं वर जातात. तुमच्या एका उताराला ती जास्तच आहेत, त्यामुळे दोर आणखी हळू चालवलात तरी चालेल. लहान मुलांसाठी तर हळूच बरा.

दुसरा प्रश्न पकडीचा. बहुतेक जुने टो इथेच रडतात. दोर चाकाला नुसता अर्धा वेढा घालून गेला असेल आणि घर्षण ०.२५ असेल, तर ताणाची बाजू ढिल्या बाजूच्या जेमतेम २.२ पट ओढू शकते. म्हणजे ३८० किलो ओढायला ढिल्या बाजूलाही ३२० किलोचा ताण कायम ठेवावा लागतो. एक जोडचाक लावून दोर दोनदा फिरवला की तेच प्रमाण ४.८ पट होतं आणि ढिल्या बाजूला १०० किलो पुरतात. तुमची यंत्रशेड पायथ्याला आहे, त्यामुळे माथ्याच्या कप्पीवर ताणाच्या दुप्पट ओढ येते : अर्ध्या वेढ्याला १४०० किलो, दोनदा फिरवल्यावर ९६०. माथ्याचा जुना खांब आणि त्याचा मागचा अँकर या आकड्यासमोर तपासून घ्या. काँक्रीट वरून धड दिसतं, पण मातीच्या पातळीवर लोखंडी सळई गंजून पेन्सिलीएवढी उरलेली असू शकते. खणून बघा.

पडलेला दोर वापरायचा विचारही करू नका. पॉलिप्रॉपिलीनचा (प्लास्टिकचा) दोर पाणी पीत नाही, हलका असतो, पण ऊन त्याला खातं. पेड उलगडून आत बघा. भुकटी पडत असेल किंवा नखाने तंतू तुटत असतील तर तो दोर कुंपणाला बांधायच्या लायकीचा. नवा २४ मिलिमीटरचा घ्या. २५० मीटरच्या वाटेला ५०० मीटर, शिवाय चाकांभोवतीचा आणि सांध्याचा वेगळा. वजन सव्वाशे-दीडशे किलोच्या आसपास भरेल.

दोराची दोन टोकं जोडणारा सांधा लांब हवा. आखूड सांध्याने दोर जाड होतो, तो कप्पीत धडकतो आणि हातमोजे सोलतो. लांब सांध्यात जाडी तीच राहते. पॉलिप्रॉपिलीन निसरडा असल्यामुळे मनिलाच्या (नैसर्गिक धाग्याच्या दोराच्या) सवयीने घातलेले पीळ सुटतात, म्हणून जास्त वेळा ओवा आणि शेपट्या निमुळत्या करा. पहिल्या दिवशी सांध्याच्या दोन्ही टोकांना रंगाची खूण करा. खुणा एकमेकींपासून सरकल्या तर सांधा सुटायला लागलाय.

चाकावर दोर घसरू देऊ नका. हा दोर १६५ अंशांच्या आसपास वितळतो. चाक फिरतंय आणि दोर जागेवर, असं काही सेकंद झालं तरी त्या जागी काचेसारखा चकचकीत डाग पडतो, आणि पुढच्या वेळी दोर नेमका तिथे तुटतो.

शेडमधला

कप्पीवाल्यांच्या यादीत एक भर, त्या ट्रकच्या अ‍ॅक्सलबद्दल. एका बाजूचं चाक पक्कं बांधून दुसऱ्या बाजूच्या रिमवर दोर चढवलेला असेल तर डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी मधली गिअरपेटी) उघडून बघा. एक बाजू बांधली की दुसरी दुप्पट वेगाने फिरते, म्हणजे ४:१ चा अ‍ॅक्सल २:१ होतो. वेग जमवायला मग गिअरबॉक्स कायम पहिल्या गिअरमध्ये लागतो. खरा त्रास पुढे आहे. आतले छोटे गिअर ट्रक वळताना अधूनमधून फिरायला बनवलेले असतात, दिवसभर फिरायला नव्हे. ते झिजून एक दिवस अचानक मोकळे होतात, आणि इंजिनाचा दोराशी संबंधच तुटतो. भरलेला दोर मग माणसांसकट मागे यायला लागतो. डिफरन्शियल वेल्ड करून एकजीव करा, बांधलेलं चाक सोडा आणि त्या मोकळ्या बाजूला जाळी लावा.

याच कारणासाठी मागे फिरू न देणारा खटका दोराच्या चाकावरच हवा, इंजिनाच्या बाजूला नको. मधला कुठलाही भाग तुटला तरी दोर मागे येता कामा नये.

जाम इंजिनावर महिने घालवू नका. गावात ट्रॅक्टर असेल तर त्याचा पीटीओ (मागचा फिरता दांडा, ज्यावर दुसरी यंत्रं चालवतात) मिनिटाला ५४० फेऱ्यांनी चालतो. एक मीटर व्यासाच्या चाकाला सेकंदाला ३ मीटरसाठी मिनिटाला ५७ फेऱ्या लागतात, म्हणजे साडेनऊला एक असा गिअरबॉक्स. विजेची मोटर हवीच असेल तर सिंगल फेजवर १५ किलोवॅट म्हणजे २४० व्होल्टला नव्वदेक अँपिअर. व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) थ्री फेज मोटर चालवता येते, पण सिंगल फेजवर चालवायला तो साधारण दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. एवढ्यात डिझेल परवडतं. धुराचं नळकांडं मात्र शेडबाहेर काढा. खाली दोर चालवणारा माणूस त्याच शेडमध्ये तासन्‌तास बसलेला असतो.

कप्पीवाला

डिफरन्शियलचा मुद्दा अचूक. माथ्यावरच्या सेफ्टी गेटचं राहिलं होतं, ते लिहितो.

तीन पेडांचा दोर ताणाखाली स्वतःभोवती फिरतो. मफलर, सुटे केस, जॅकेटची नाडी त्याच्यात गुंतली की माणूस हात सोडूनही सुटत नाही, सरळ वरच्या कप्पीकडे ओढला जातो. म्हणून उतरायच्या जागेच्या पुढे आणि कप्पीच्या अलीकडे आडवी तार किंवा हलका दांडा. त्याला धक्का लागला की सर्किट तुटून यंत्र थांबलं पाहिजे. सर्किट तुटल्यावर थांबणारंच हवं, जुळल्यावर थांबणारं नको. वायर उंदराने कुरतडली तर पहिल्यात टो थांबतो, दुसऱ्यात गेट मुकाट्याने मेलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. थांबल्यावर टो आपोआप सुरू होऊ नये. माणसाने वर जाऊन बघून, हाताने रीसेट करावा.

गेट आणि कप्पीमधलं अंतर रिकाम्या दोरावर मोजा. भरलेला दोर चढामुळे लगेच थांबतो, रिकामा मात्र पळत राहतो. दोरावर रिबीन बांधा, पूर्ण वेगात गेट पाडा आणि रिबीन किती पुढे गेली ते टेपने मोजा. ३ मीटर वेगाला चांगल्या ब्रेकने साधारण तेवढेच मीटर लागतात, पण इंजिनाचं फ्लायव्हील जोडलेलं राहिलं तर बरेच जास्त. मोजलेल्या अंतराच्या किमान दुप्पट जागा ठेवा. गोठणाऱ्या पावसानंतर स्विचवर बर्फाचा कवच बसतो, दांडा हलतो पण स्विच हलत नाही. म्हणून रोज सकाळी पहिली माणसं सोडायच्या आधी, आणि असा पाऊस पडला की पुन्हा, गेट पाडून बघायचं.

गवतकापू

यंत्रावर एवढं लिहून झालं, जमिनीवर कुणीच काही लिहिलेलं नाही. छोट्या टेकडीचा हंगाम जमिनीवर ठरतो.

गुडघाभर रानावर ३० सेंटिमीटर बर्फ पडला तरी स्की खाली काटक्यांत अडकते. तीच जमीन ५ ते ८ सेंटिमीटरपर्यंत कापलेली असेल तर दाबून बसवलेल्या १५ सेंटिमीटरवर उतार चालू करता येतो. उभ्या देठांभोवती पोकळी राहते, तिच्यातून ऊब वर येते आणि बर्फ खालून पोखरला जातो. कापणी पानगळीच्या शेवटी करा आणि कापलेलं उचलून न्या. तिथेच टाकलंत तर त्याची गादी होते. मनगटाएवढी झाडं जमिनीलगत सपाट कापा. तिरका कापलेला बुंधा म्हणजे भालाच, आणि तो नेमका पातळ बर्फाखाली लपतो.

पाण्याला वाट करून द्या. २० टक्के उतारावर दर २०-२५ मीटरला तिरपा चर आणि त्याच्या खालच्या अंगाला मातीचा बुटका बांध, पाणी कडेच्या झाडीत सोडणारा. जानेवारीत दोन दिवस पाऊस पडला की सगळं पाणी मधल्या घळीतून धावतं आणि एका रात्रीत जमिनीपर्यंत नाली कोरतं. दोराच्या वाटेवर असं झालं तर टो बंदच.

पहिला १०-१५ सेंटिमीटर बर्फ पडला की लगेच तुडवा. रोलर नसेल तर वीस माणसं स्की आडव्या धरून वरून खाली. भुसभुशीत बर्फ रजईसारखा जमीन ऊबदार ठेवतो, दाबलेला बर्फ ती ऊब निघून जाऊ देतो आणि जमीन गोठते. गोठलेल्या जमिनीवर पुढचा बर्फ टिकतो.

वारा उतारावरचा बर्फ उडवत असेल तर निम्मी भोकं असलेलं लाकडी पट्ट्यांचं कुंपण लावा. १.२ मीटर उंचीचं असेल तर जिथे बर्फ साठवायचा त्या पट्ट्याच्या १० मीटर अलीकडे, वारा येतो त्या बाजूला, आणि खाली १५ सेंटिमीटर फट ठेवून. फट नसली की कुंपण स्वतःच पुरलं जातं.

ओलातापमान

स्नो गनवाल्या तटासाठी आकडे. २५० मीटर लांब, ३० मीटर रुंद पट्टा, ३० सेंटिमीटर थर म्हणजे २२५० घनमीटर बर्फ. बनवलेला बर्फ घनमीटरला ४५० किलो धरला तर हजार टन पाणी, आणि उडून-वाहून जाणारं वीस टक्के धरून १२ लाख लिटर. सेकंदाला ५ लिटरने ६७ तास. हे पाणी ओढ्यातून थेट खेचायचं म्हटलं तर व्हरमाँटमध्ये ओढ्यात किती प्रवाह राहू द्यायचा याचं बंधन आहे. बर्फ बनवण्यासाठी ते फेब्रुवारीच्या मध्यक प्रवाहावर मोजतात. म्हणजे आधी तळं : ३० बाय २० मीटर, २ मीटर खोल. त्याचं खोदकाम म्हणजे वेगळी परवानगी.

दाबाचं बघा. माथ्यापर्यंत ५० मीटर चढवायला ५ बार, नळातलं घर्षण, आणि गनच्या तोंडाशी वीसेक बार उरले पाहिजेत. पंप २८-३० बारचा. फक्त त्यालाच २० किलोवॅटच्या वर मोटर लागेल, पंख्याच्या गनला जवळपास तेवढीच आणखी. सिंगल फेजच्या शेडमध्ये हे बसत नाही.

हवेचंही ऐका. साध्या थर्मामीटरवर गन चालत नाही, ओल्या बल्बच्या तापमानावर (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्यावर) चालते. शून्य अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर ओला बल्ब उणे ३.४. उणे २ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर तो फक्त उणे २.५. दुसरी रात्र अंगाला जास्त थंड लागते, पण बर्फ पहिल्या रात्री चांगला होतो. उणे २ च्या आसपास गनमधून चिखलच पडतो, उणे ५ च्या खाली खरं काम. तुमच्या टेकडीवर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असे सलग किती तास मिळतात, ते एक हिवाळा नोंदून ठेवा. आर्द्रता दाखवणारं साधं नोंदयंत्र पुरे. ६७ तास जमतच नसतील तर वाद आपोआप मिटला.

उतारकरी

सगळ्यांचे आभार. स्नो गनचा विषय या वर्षी बाजूला ठेवतो. टी-बारवाले मात्र ऐकत नाहीयेत, 'फुकट मिळतोय' हेच पालुपद चाललंय. आणि विमा, परवानग्या, संस्था कशी असावी, याबद्दल कुणी सांगेल का?

नियमावली

फुकटचा टी-बार म्हणजे फुकटचा हत्ती. खांब दुसऱ्या टेकडीच्या चढउतारासाठी उंची मोजून बनवलेले असतात. तुमच्या वाटेचा नवा उभा छेद काढायचा, त्यावर खांबांच्या जागा, माती तपासून पाया, अभियंत्याची सही, मग नवं काँक्रीट. त्यात जुना वायर रोप घेऊच नका. यंत्र बंद असताना जिथे तो वर्षानुवर्षं कप्पीवर टेकून राहिला तिथे पाणी साचून आतल्या तारा गंजतात, वरून काही दिसत नाही. तारेला धरणाऱ्या पकडींच्या भेगा शोधणारी चुंबकीय कणांची तपासणी, स्प्रिंगचे डबे, दोर कप्पीवरून उतरला की तुटून यंत्र थांबवणारे दांडे, यातलं काहीच फुकट नसतं. फार तर सुटे भाग म्हणून गिअरबॉक्स आणि मोटर मागा.

व्हरमाँटमधल्याच अ‍ॅस्कटनीचं उदाहरण समितीसमोर ठेवा. मोठं रिसॉर्ट २०१० मध्ये बंद पडलं, लिफ्टा विकल्या गेल्या. पुढे गावकऱ्यांच्या विना-नफा संस्थेने आधी रोप टो चालवला, टी-बार नंतर आणला. ईस्ट कॉरिंथचं नॉर्थईस्ट स्लोप्स १९३६ पासून रोप टोवर आणि स्वयंसेवकांवर चालतं. जाऊन त्यांची यंत्रशेड बघा, विचारायचे प्रश्न तिथे आपोआप सुचतील. रिचमंडचं कॉक्रन्स १९६१ मध्ये घरामागच्या उतारावर असंच सुरू झालं, आणि त्या घरातली बार्बरा अ‍ॅन कॉक्रन १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये स्लालमचं सुवर्ण घेऊन आली. छोटी टेकडी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे सांगा.

परवानगी : राज्याच्या पॅसेंजर ट्रॅमवे बोर्डाशी (लिफ्टांवर देखरेख करणाऱ्या मंडळाशी) पाना हातात घ्यायच्या आधी बोला. रोप टोसुद्धा त्यांच्या कक्षेत येतो. देशपातळीवरचं मानक एएनएसआय बी७७.१, त्यातला टोचा भाग निरीक्षकाबरोबर वाचा. आधी जोडून मग दाखवलंत तर अर्धं पुन्हा उकलावं लागतं. झाडं कापणं आणि चर खणणं याला अ‍ॅक्ट २५० (व्हरमाँटचा जमीन-वापराच्या परवानग्यांचा कायदा) लागतो का, तेही लेखी विचारून ठेवा.

विमा : पैसे न घेता जमीन लोकांना वापरू दिली तर मालकाला कायद्याचं संरक्षण मिळतं. तिकीट लावलं की ते सहसा उरत नाही. म्हणून तिकीट की देणगीपेटी, हे वकील आणि विमा कंपनीला विचारून आधी ठरवा, फलक नंतर रंगवा. जमीन गावाची, टो चालवणारी संस्था वेगळी, दोघांमध्ये बरीच वर्षं चालणारा लेखी भाडेकरार, आणि गावाचं नाव संस्थेच्या पॉलिसीत जोडलेलं. कंपनी कोटेशनआधी रोजच्या तपासणीची वही मागेल : सकाळी गेट, ब्रेक, सांधा, कप्प्या कुणी पाहिल्या आणि सही. ती वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

माणसांचा हिशेबही यंत्रासारखाच करा. एका पाळीला खाली दोर चालवणारा, वर गेटजवळ लक्ष ठेवणारा, दोन प्रथमोपचारवाले, एक नोंदणीला, एक बदली : सहा. आठवड्यात तीन पाळ्या, दहा आठवडे, म्हणजे १८० पाळ्या. तीस माणसांत प्रत्येकी सहा. जमतं. आठवडाभर उघडा ठेवायचं ठरवलंत तर हाच आकडा चौदावर जातो आणि फेब्रुवारीपर्यंत गेटजवळ उभं राहायला कुणी उरत नाही. वरच्या माणसाची जागा रिकामी असेल तर त्या दिवशी टो बंद, हा नियम आधीच लिहून टाका.

उतारकरी

मग क्रम असा धरतो : बोर्डाला पत्र आणि माथ्याचा अँकर खणणं याच महिन्यात, झाडं आणि चर उन्हाळ्यात, दोर सप्टेंबरात. कप्पीवाले, दोन वेढ्यांच्या जोडचाकाला खोबण किती खोल ठेवायची?

कप्पीवाला

खोबणीचा तळ दोराच्या व्यासाहून किंचित रुंद, गोल, २५-२६ मिलिमीटरचा. खोली दोराच्या दीडपट. व्ही आकाराची खोबण पकड वाढवते खरी, पण दोर चिरडते आणि बर्फ तळाशी अडकून राहतो. रबराचं अस्तर लावलंत तर पकड सुधारते, फक्त त्यावर डिझेल किंवा ग्रीस सांडू देऊ नका. आणि जोडचाक मुख्य चाकापासून किंचित तिरकं बसवा, नाहीतर दोर एका खोबणीतून दुसरीत जाताना कडेला घासतो आणि पांढरी भुकटी शेडच्या जमिनीवर दिसायला लागते.